फेझंट शोधायचा तर आधी गवत शोधा: अमेरिकेच्या साउथ डकोटात शिकारीची जागा कशी ठरते?

ऑक्टोबर महिन्यातला तिसरा शनिवार. सकाळचे पावणेदहा. अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातल्या एका कच्च्या रस्त्याच्या कडेला पिकअप गाड्या ओळीने उभ्या आहेत. नारिंगी टोप्या घातलेली माणसं हळू आवाजात बोलतायत, कुत्री बाहेर पडायला उतावीळ झालीयत आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे आहे. कारण दहा वाजायच्या आत गोळी झाडली तर ती बेकायदेशीर.

हा फेझंटच्या शिकारीचा पहिला दिवस. राज्याची लोकसंख्या जेमतेम नऊ लाखांच्या घरात, पण या हंगामात बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या शिकाऱ्यांची संख्या स्थानिक शिकाऱ्यांपेक्षाही जास्त भरते. मोटेल भरलेली असतात, छोट्या गावांतल्या हॉटेलांवर 'शिकाऱ्यांचं स्वागत' असे फलक लागतात.

सोनेरी गवतातून एक रंगीत पक्षी कर्कश ओरडत उडतो आणि बंदुका वर होतात, असे रील तुम्हीही कधीतरी पाहिले असतील. पण त्या रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही. हजारो चौरस मैल सपाट शेतीतून नेमकं त्याच तुकड्यात पक्षी असणार, हे त्या माणसाला कसं कळलं? आणि ती जमीन त्याची नसेल तर तो तिथे उभा कसा?

या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की विषय बंदुकीवरून मक्याच्या भावावर जातो.

फेझंट म्हणजे नेमका कोण?

मोर, रानकोंबडा, तितर, लावा ही सगळी ज्या कुळात येतात, त्याच कुळातला हा पक्षी. नराचं अंग तांबूस-सोनेरी, डोकं चमकदार हिरवं, गाल लालभडक, गळ्यात पांढरी पट्टी आणि मागे लांबलचक शेपूट. वजन साधारण सव्वा किलो. मादी मात्र मातकट रंगाची, वाळलेल्या गवतात बसली तर दोन पावलांवरूनही दिसणार नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेत ज्याच्या नावाने एवढा उत्सव चालतो, तो पक्षी मुळात अमेरिकेचा नाहीच. त्याचं मूळ आशियातलं, कॉकेशसपासून चीन-कोरियापर्यंतचं. त्याचं नावसुद्धा आजच्या जॉर्जिया देशातल्या, प्राचीन काळी फासिस म्हटल्या जाणाऱ्या नदीवरून आलंय.

शांघायमध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत असलेले ओवेन डेनी यांना हा पक्षी (आणि त्याची चव) आवडला. त्यांनी 1881 आणि 1882 मध्ये जहाजातून पक्षी आपल्या ऑरेगन राज्यात पाठवले. पहिल्या खेपेतले बरेचसे वाटेतच दगावले, पण नंतरचे तगले आणि असे पसरले की दहा वर्षांत, 1892 मध्ये, ऑरेगनने त्यांच्या शिकारीचा हंगामही सुरू केला.

साउथ डकोटात 1908-09 च्या सुमारास स्पिंक काउंटीत, रेडफिल्ड गावाच्या परिसरात पक्षी सोडले गेले. 30 ऑक्टोबर 1919 रोजी तिथे पहिला हंगाम झाला. हंगाम कसला, एकच दिवस आणि एकच काउंटी. सुमारे हजार शिकारी आले आणि साधारण दोनशे पक्षी मिळाले. 1943 मध्ये हा परदेशी पाहुणा चक्क राज्यपक्षी झाला. ह्युरॉन गावात त्याचा 28 फूट उंच पुतळा आहे, आणि रेडफिल्ड स्वतःला जगाची फेझंट राजधानी म्हणवून घेतं.

पक्षी कुठे असतो? घर, ताट आणि पांघरूण

फेझंट फार लांब जात नाही. त्याचं बहुतेक आयुष्य एखाद्या चौरस मैलाच्या आसपास जातं. त्यामुळे त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी तेवढ्याच परिघात असाव्या लागतात.

पहिली गोष्ट, घरटं करायला गवत. मादी जमिनीवर घरटं करते, सुमारे डझनभर अंडी घालते आणि 23 दिवस ती उबवते. तोवर ते गवत कुणी कापायला नको, नांगरायला नको. पिल्लं बाहेर आली की सुरुवातीचे काही आठवडे ती मुख्यतः किडे खातात. म्हणजे गवतही नुसतं एकसुरी नको, त्यात फुलं येणाऱ्या रानवनस्पती हव्यात, तरच किडे मिळणार.

दुसरी गोष्ट, खायला दाणे. मका, सूर्यफूल आणि हो, ज्वारी. आपल्याकडे भाकरीला लागणारी ज्वारी तिकडे बरेच जमीनमालक खास पक्ष्यांसाठी छोट्या पट्ट्यांत पेरतात.

तिसरी गोष्ट, थंडीत लपायला दाट आडोसा. साउथ डकोटात हिवाळ्यात पारा शून्याच्या वीस-पंचवीस अंश खाली जाऊ शकतो आणि जोडीला बोचरं वारं. अशा वेळी वारा अडवण्यासाठी शेताकडेला लावलेली झाडांची रांग किंवा पाणथळ खोलगट जागेतलं पाणकणसाचं रान, एवढाच आधार उरतो.

या तिन्ही गोष्टी जिथे एकमेकींना लागून असतात, ती जागा चांगली. अनुभवी शिकारी नकाशावर आधी कडा शोधतात. गवत संपून मका सुरू होतो ती कड, पाणथळ संपून गवत लागतं ती कड. नुसता शंभर एकर मका असेल तर कापणीनंतर तिथे काहीच उरत नाही. नुसतं शंभर एकर गवत असेल तर पक्षी खायला दूर गेलेला असतो.

राज्याच्या मधोमध मिझुरी नदी वाहते. तिच्या पूर्वेला, विशेषतः जेम्स नदीच्या खोऱ्यात, हे तिन्ही जुळून येतं. ॲबरडीन, रेडफिल्ड, ह्युरॉन, मिचेल ही फेझंटसाठी प्रसिद्ध गावं याच पट्ट्यात आहेत. दक्षिणेकडे नदीच्या जवळची चेंबरलेन, विनर आणि ग्रेगरी हीसुद्धा. नदी ओलांडून आणखी पश्चिमेला गेलं की मुलूख कोरडा होत जातो, गुरांची कुरणं सुरू होतात आणि फेझंट विरळ होतो.

दिवसाच्या कुठल्या वेळी कुठे?

जागा सापडली म्हणजे पक्षी सापडला असं नाही. एकाच शेतात सकाळी आणि दुपारी तो वेगवेगळ्या ठिकाणी असतो.

पहाटे तो रात्रीच्या मुक्कामाच्या गवतातून बाहेर पडतो. मग बऱ्याचदा खडीच्या रस्त्यावर येतो, कारण दाणे दळायला कोंबडीसारखेच त्यालाही पोटात बारीक खडे लागतात. नंतर मक्यात किंवा ज्वारीत चरतो. दुपारी आडोशाला जाऊन निवांत बसतो. सूर्य मावळायच्या आधीचा तासभर तो पुन्हा शेतातून गवताकडे निघतो. शिकारीची वेळ सूर्यास्ताला संपते, म्हणून या शेवटच्या तासाला शिकाऱ्यांत फार मान आहे. दिवसभर रिकाम्या हाताने फिरलेला माणूसही त्या तासासाठी थांबतो.

हंगामातही फरक पडतो. ऑक्टोबरात मका उभा असतो आणि पक्षी त्यात सहज लपतो, त्यामुळे पहिल्या आठवड्याची गर्दी आणि मिळणारी शिकार यांचा मेळ बसतोच असं नाही. नोव्हेंबरात कापणी उरकते, पक्षी उरलेल्या गवतात गोळा होतात. डिसेंबर-जानेवारीत पाणथळ जागा गोठल्या की बर्फावरून चालत पाणकणसात शिरता येतं, आणि थंडीने एकत्र आलेले पक्षी तिथेच असतात. हंगाम 31 जानेवारीपर्यंत चालतो, पण इतक्या कडाक्यात टिकणारे शिकारी थोडेच.

फेझंटची एक सवय नवख्यांना रडवते. संकट आलं की तो आधी उडत नाही, पळतो. गवताच्या मुळांमधून तो इतक्या वेगाने सटकतो की माणसं या टोकाने आत शिरेपर्यंत पक्षी त्या टोकाने बाहेर पडलेला असतो. म्हणून काही जण शेवटच्या टोकाला आधीच जाऊन उभे राहतात आणि बाकीचे रांगेने चालत येतात. कुत्र्याला वास मिळावा म्हणून वाऱ्याच्या दिशेने तोंड करून चालायचं. आणि गाडीचं दार आपटायचं नाही. आठवडाभर बंदुकांचे आवाज ऐकलेला नर दाराच्या धाडकन आवाजालाच पुढच्या शेतात पोचलेला असतो.

मारायचा तो फक्त नर. रोज माणशी तीन. मादी मारायला बंदी आहे. एक नर अनेक माद्यांशी जोडी जमवतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीच्या अंड्यांवर फारसा परिणाम होत नाही, हा त्यामागचा हिशोब. शिकार घरी नेतानाही तो नर आहे हे ओळखता येईल अशी खूण, म्हणजे डोकं, पंख किंवा पाय, शाबूत ठेवावी लागते.

जमीन कुणाची?

खरा तिढा इथून सुरू होतो. पूर्व साउथ डकोटातली बहुतेक जमीन खासगी शेतकऱ्यांची. तिथे परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. पूर्वी शेतकऱ्याचं दार ठोठावून विचारलं, जमलं तर दोन पक्षी साफ करून नेऊन दिले, की काम व्हायचं. आजही काही ठिकाणी होतं. पण फेझंट हा मोठा धंदा झाल्यापासून चांगल्या जमिनी पैसे देऊन येणाऱ्यांसाठी राखीव होत गेल्या. जेवण, मुक्काम, वाटाड्या आणि कुत्री असं सगळं मिळून दिवसाला माणशी शेकडो डॉलर घेणारे लॉज तिथे आहेत.

यातल्या काही खासगी शिकार-क्षेत्रांत पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडले जातात. त्यांच्यासाठी हंगामही मोठा, सप्टेंबर ते मार्च. तिथे पक्षी 'शोधायचा' प्रश्नच येत नाही, तो सोडलेलाच असतो. रानात वाढलेल्या फेझंटच्या मागे जाणारे लोक या प्रकाराकडे थोडं नाक मुरडूनच बघतात. असे पिंजऱ्यातले पक्षी रानात सोडून संख्या वाढेल अशीही आशा नसते, कारण त्यातले फार थोडे पुढच्या वसंतापर्यंत जगतात.

मग ज्याच्याकडे लॉजचे पैसे नाहीत, त्याने काय करायचं?

एक मार्ग म्हणजे सरकारी जमिनी. राज्याच्या मालकीची काही वन्यजीव क्षेत्रं आहेत. काही पाणथळ क्षेत्रं केंद्र सरकारची आहेत. ती बदकांच्या शिकाऱ्यांना घ्याव्या लागणाऱ्या खास तिकिटाच्या पैशातून विकत घेतली जातात आणि फेझंटवाल्यांनाही खुली असतात. अशा बऱ्याच सरकारी जमिनींवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, स्टीलचे वापरावे लागतात, कारण पाण्यातले शिशाचे छर्रे गिळून बदकं मरतात.

दुसरा मार्ग जास्त रंजक आहे. राज्य सरकार शेतकऱ्यांना भाडं देतं आणि त्या बदल्यात त्यांची जमीन शिकाऱ्यांना खुली होते. याला 'वॉक-इन एरिया' म्हणतात. नावाप्रमाणे तिथे फक्त चालत जायचं, गाडी आत न्यायची नाही आणि वेगळी परवानगी मागायची नाही. राज्यभर अशी दहा लाखांहून अधिक एकर जमीन आहे. राज्याचा वन्यजीव विभाग या सगळ्याचा नकाशा काढतो. हल्ली मोबाईल ॲपवर कुठली जमीन कुणाची हेही दिसतं, त्यामुळे बांध चुकून ओलांडला ही सबब फारशी चालत नाही.

आणि तिसरा मार्ग, जो बाहेरच्यांना ऐकून खरा वाटत नाही: रस्त्याची चारी. तिथे जमिनीची मोजणी एक चौरस मैलाच्या चौकोनांत झालेली आहे. या चौकोनांच्या सीमेवर साधारणपणे 66 फूट रुंदीची सार्वजनिक वहिवाट असते. रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या चाऱ्या त्यात आल्या. चारीत गवत वाढतं, शेजारी मका असतो. म्हणजे पुन्हा तीच कड. गाडीतून उतरून या पट्ट्यातून शिकार करायला राज्याचा कायदा परवानगी देतो. अट अशी की लोक राहत असलेलं घर, गुरं, शाळा, चर्च यांपासून 660 फुटांच्या आत गोळी झाडायची नाही. मारलेला पक्षी शेजारच्या खासगी शेतात पडला तर बंदूक बाहेर ठेवून, पायी जाऊन तो उचलून आणता येतो.

शेतकऱ्यांमध्ये यावरून नाराजी आहे. आपल्या गवतात वाढलेला पक्षी फुकटात रस्त्यावरचा माणूस नेतो, हा त्यांचा मुद्दा. स्थानिक शिकाऱ्यांचं म्हणणं उलट: लॉजना पैसे देऊ न शकणाऱ्या माणसाला हाच एक पट्टा उरलाय. दोन्ही बाजूंना जोर आहे. बाहेरच्यांची गर्दी होण्याआधी तीन दिवस सार्वजनिक जमिनी फक्त राज्यातल्या रहिवाशांसाठी खुल्या ठेवल्या जातात, तेही याच ताणातून.

राज्यात मूलनिवासी जमातींचे आरक्षित प्रदेशही आहेत. त्यांच्या जमिनींवर राज्याचा परवाना पुरतोच असं नाही. लोअर ब्रूलसारख्या जमातीचा स्वतःचा वन्यजीव विभाग आहे आणि तो स्वतःचे परवाने देतो.

चांगलं वर्ष, वाईट वर्ष: शंभर वर्षांचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. पक्ष्यांची संख्या वर्षागणिक इतकी का बदलते?

एखादा कडक हिवाळा किंवा जूनमध्ये पिल्लं बाहेर पडताना थंड पाऊस झाला की त्या वर्षी संख्या पडते. पुढच्या वर्षी हवामान बरं झालं की ती सावरते, कारण हा पक्षी भराभर वाढतो. पण दशकांचा आलेख पाहिला तर वेगळंच चित्र दिसतं.

1930 च्या दशकात दुष्काळ आणि मंदीने शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. लोक शेतं टाकून निघून गेले. पडलेल्या जमिनींवर तण आणि गवत माजलं. पाठोपाठ दुसरं महायुद्ध आलं, शेतात राबणारी आणि शिकार करणारी तरुण मंडळी आघाडीवर गेली. 1945 पर्यंत राज्यात फेझंटची संख्या दीड कोटींच्या पुढे गेल्याचा अंदाज होता आणि त्या एका वर्षात सुमारे 75 लाख पक्षी मारले गेले. त्या काळात ॲबरडीनच्या रेल्वे स्टेशनवर थांबणाऱ्या सैनिकांना गावातल्या बायका फेझंटचं सँडविच फुकट खाऊ घालत. इतके पक्षी होते.

युद्ध संपलं, ट्रॅक्टर आले, जमीन पुन्हा नांगराखाली गेली. संख्या पडली.

1956 मध्ये धान्याचं उत्पादन गरजेपेक्षा जास्त होतंय म्हणून केंद्र सरकारने 'सॉइल बँक' योजना आणली. जमीन पेरू नका, आम्ही पैसे देतो. गवत परत आलं, फेझंट परत आले. योजना गुंडाळली, फेझंट गेले.

1985 च्या शेती कायद्याने तीच कल्पना नव्याने आणली. तिचं नाव 'कन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम', तिकडच्या बोलण्यात नुसतं सीआरपी. धूप होणारी जमीन शेतकऱ्याने 10 ते 15 वर्षं गवताखाली ठेवायची, सरकार दरवर्षी भाडं देणार. उद्देश माती वाचवण्याचा होता, पण लॉटरी फेझंटला लागली. 2007 मध्ये देशभरात या योजनेखाली साडेतीन कोटी एकरांहून जास्त जमीन होती, आणि साउथ डकोटात त्या वर्षी वीस लाखांच्या आसपास फेझंटची शिकार झाली. 1960 च्या दशकानंतर असा हंगाम आलाच नव्हता.

आपल्याकडे माळरानाला सरकारी कागदात 'पडीक' म्हणतात. तिथल्या फेझंटच्या तिन्ही सुवर्णकाळांत हीच 'पडीक' जमीन कामाला आलीय.

त्याच 2007 मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं लक्ष्य वाढवणारा कायदा झाला. अमेरिकेत इथेनॉल बनतं मक्यापासून. 2005 च्या सुमारास मक्याचा भाव 25 किलोच्या बुशेलला दोन डॉलर होता, तो 2012 च्या दुष्काळात सात डॉलरपर्यंत गेला. शेतकऱ्याने साधा हिशोब केला. करार संपला की गवत मोडायचं आणि मका लावायचा. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

साउथ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांनी 2013 मध्ये उपग्रहाच्या माहितीवरून दाखवलं की 2006 ते 2011 या काळात साउथ डकोटा आणि आसपासच्या चार राज्यांत मिळून सुमारे 13 लाख एकर गवताळ जमीन निव्वळ घटली, कारण ती मका-सोयाबीनखाली गेली.

त्याच वर्षी राज्याच्या पाहणीत फेझंटचा आकडा आदल्या वर्षापेक्षा 64 टक्क्यांनी घसरला. दुष्काळ आणि खराब वसंत ही तात्कालिक कारणं होतीच, पण आधार देणारं गवतही उरलं नव्हतं. शिकार दहा लाखांच्या खाली आली. डिसेंबरमध्ये गव्हर्नर डेनिस डोगार्ड यांनी ह्युरॉनमध्ये फेझंटच्या अधिवासावर खास परिषदच बोलावली.

मोजणी बंद, शेपट्यांना बक्षीस

ही पाहणी कशी व्हायची तेही मजेशीर आहे. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, दव पडलेल्या सकाळी, सूर्य उगवताच कर्मचारी ठरलेल्या तीस मैलांच्या रस्त्यावरून गाडी हळूहळू चालवायचे. ओल्या गवतातून अंग सुकवायला माद्या पिल्लांना घेऊन रस्त्याकडेला येतात, तेव्हा त्या मोजायच्या. राज्यभर असे सुमारे 110 रस्ते. मैलामागे किती पक्षी, हा आकडा निघाला की शिकारी सुट्टीची आखणी करायचे. चांगली जागा शोधण्याचं ते सगळ्यात भरवशाचं आणि फुकट साधन होतं.

2020 मध्ये राज्याने ही पाहणी बंद केली. शिकारीचे नियम ठरवायला हा आकडा लागत नाही, असं विभागाचं म्हणणं. टीकाकारांना वाटतं की आकडा पडल्याच्या बातम्यांनी बाहेरचे शिकारी येईनात, हे खरं कारण. शेजारच्या आयोवा आणि मिनेसोटात अशी मोजणी अजून होते.

2019 मध्ये गव्हर्नर क्रिस्टी नोएम यांनी आणखी एक योजना आणली. अंडी खाणारे रॅकून, स्कंक, कोल्हे वगैरे सापळ्यात पकडा, शेपूट आणून द्या आणि दर शेपटीला 10 डॉलर घ्या. मुलं मोबाईल सोडून रानात जातील, असंही समर्थन होतं. अनेक वन्यजीव अभ्यासकांचा आक्षेप असा की एवढ्या मोठ्या प्रदेशात असे थोडे प्राणी मारून फरक पडत नाही. गवत दाट असेल तर घरटं आपोआप लपतं, आणि गवत अरुंद पट्टीपुरतं उरलं तर त्याच पट्टीतून फिरणाऱ्या रॅकूनला अंडी सापडतातच.

त्यानंतर परवान्यासोबत अधिवासासाठी वेगळं शुल्क घ्यायला सुरुवात झाली. परराज्यातल्या शिकाऱ्याला ते जास्त पडतं. हे पैसे सार्वजनिक जमिनींवर गवत आणि पाणथळ सुधारायला वापरायचे. सध्या वर्षाला दहा लाखांहून अधिक फेझंटची शिकार होते, त्यामुळे हा पक्षी संपत चाललाय असं कुणी म्हणत नाही. भांडण आहे ते पुढच्या पाच-दहा वर्षांत संपणाऱ्या करारांचं.

या सगळ्यात एक बाजू बहुतेक वेळा मागे पडते. या प्रदेशाचे मूळ पक्षी, प्रेअरी चिकन आणि शार्प-टेल्ड ग्राउस, यांना फेझंटपेक्षाही विस्तीर्ण गवताळ मुलूख लागतो. पाहुण्याने शेतीशी जुळवून घेतलं, घरच्यांना ते जमलं नाही. फेझंटसाठी राखलेल्या गवताचा थोडाफार फायदा त्यांनाही होतो.

भारतात चालतं का? आणि अमेरिकेतल्या भारतीयांना?

भारतात फेझंट कुळातले पक्षी भरपूर आहेत. हिमालयात मोनाल, हिमाचलचा राज्यपक्षी असलेला जुजुराणा, आणि आपल्या सह्याद्रीत रानकोंबडा. मोरही त्याच कुळातला. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार बंद आहे. मोर पहिल्या अनुसूचीत येतो. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. त्यामुळे 'गावाकडे रानकोंबडा मारला' असा व्हिडिओ कुणी टाकत असेल, तर तो स्वतःविरुद्धचा पुरावाच टाकतोय.

अमेरिकेत नोकरी किंवा शिक्षणासाठी तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार एरवी बंदूक बाळगता येत नाही. पण त्या नियमाला काही अपवाद आहेत आणि कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना हातात असणं हा त्यातलाच एक. परवाना आधी आणि बंदूक नंतर, हा क्रम चुकला तर प्रकरण दंडावर भागत नाही, व्हिसापर्यंत जातं. बंदूक मित्राची असली आणि ती नुसती हातात धरली, तरी नियम तोच.